हायड्रो टेस्टची दहा मिनिटे

संपादक महोदय,

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये तपासनीस म्हणून माझी तीस वर्षे गेली. निवृत्त झालो तरी ओळखीचे कारखानदार फोन करून विचारतातच, "साहेब, हायड्रोला प्रेशर किती वेळ धरायचं?" हायड्रो म्हणजे टाकी, पाइप किंवा व्हॉल्व्ह पाण्याने भरून, दाब देऊन गळते का ते बघण्याची चाचणी. सगळ्यांना एकच आकडा हवा असतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो.

पाइपिंगच्या एएसएमई बी३१.३ या अमेरिकन कोडमध्ये डिझाइन प्रेशरच्या (ज्या दाबासाठी पाइप आखलेला असतो त्याच्या) दीडपट दाब आणि किमान १० मिनिटे असे लिहिले आहे. व्हॉल्व्ह चाचणीच्या एपीआय ५९८ या मानकानुसार दोन इंचांपर्यंतच्या व्हॉल्व्हच्या बॉडीला १५ सेकंद पुरतात, चौदा इंची आणि त्यावरच्यांना ५ मिनिटे. प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या बंद टाक्यांच्या, एएसएमई कोडात (सेक्शन आठ, डिव्हिजन एक) मात्र मिनिटांचा आकडाच नाही. टेस्ट प्रेशर द्या, मग त्याला १.३ ने भागून जे येईल त्याच्या खाली न जाता सांधे डोळ्यांनी तपासा, एवढेच तिथे म्हटले आहे. चार नोझलची (पाइप जोडायच्या तोंडांची) छोटी टाकी पाच मिनिटांत बघून होते. पंधरा मीटर लांबीच्या व्हेसलला तपासणाऱ्याला शिडी लावून फिरावे लागते, तेवढा वेळ दाब धरायलाच हवा.

प्रत्यक्षात काय होते? रिपोर्टमध्ये '३० मिनिटे' आधीच टाइप केलेले असते. दाब दाखवणाऱ्या गेजसमोर खुर्ची टाकून चहा होतो, वेल्डजवळ कोणी फिरकत नाही. एका ठिकाणी तर पंप चालूच ठेवला होता. मग गळती असली तरी काटा उतरणार कसा?

दुसरीकडे मे महिन्यात व्हेसल उघड्यावर उन्हात ठेवून टेस्ट चालली होती. काटा हळूहळू वर चढत होता आणि मंडळी खूश होती. पत्र्यापेक्षा आतले पाणी जास्त फुगत होते. वर ताडपत्री टाकायला लावली, तासाभराने काटा खाली आला आणि एका नोझलच्या वेल्डला घाम, म्हणजे पाण्याचा बारीक पाझर, दिसला. उन्हाने दाब टिकवला होता म्हणून तोवर कुणाचे तिकडे लक्षच गेले नव्हते. (वरच्या व्हेंटमधून हवा पूर्ण काढलेली नसेल तरी काटा असाच फसवतो, शिवाय दाबलेली हवा फुटली तर जिवावर बेतते.)

माल घेणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे. ऑर्डरमध्ये नुसते 'होल्डिंग टाइम ३० मिनिटे' लिहू नका. व्हॉल्व्ह बंद करून पंप वेगळा केल्याची वेळ, सुरुवातीचे आणि शेवटचे पाण्याचे तापमान, आणि सांधे कोणी बघितले त्याचे नाव, हे रिपोर्टमध्ये मागा. साक्षीदार म्हणून तुमचा माणूस पाठवाल, तेव्हा त्याच्या हातात टॉर्च द्या.

- एक निवृत्त तपासनीस, भोसरी