वनमंत्री साहेब, कांबोईचा चिखल सगळ्यांच्या नावावर करा

मा. वन व पर्यावरण मंत्री, गुजरात राज्य

साहेब नमस्कार,

पत्र मराठीत आहे कारण बडोद्याच्या दांडिया बाजारातली आमची मंडळी आधी वाचून सह्या करणार, गुजराती कॉपी तुमच्या ऑफिसात देऊच.

2024 च्या ऑगस्टमध्ये पुरात विश्वामित्री नदी आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आली तेव्हा सगळे विचारत होते पाणी उतरणार कधी, पण उतरून जातं कुठे हे कुणाच्या डोक्यात नाही. विश्वामित्री ढाढर नदीला मिळते आणि ढाढर जंबुसर बाजूने खंभातच्या आखातात. कारखान्यांचं पाणी पण चॅनलने त्याच आखाताकडे, मही नदीच्या मुखाशी. म्हणजे बडोद्याला नको असलेलं सगळं तो किनारा पोटात घेतो आणि आम्हाला तो माहीत फक्त कांबोईच्या स्तंभेश्वर महादेवापुरता, भरतीत देऊळ बुडतं, ओहोटीत वर येतं, फोटो काढला की परत.

गेल्या थंडीत ओहोटीला आम्ही देवळापासून जरा लांब चालत गेलो. चिखलावर लेवटे म्हणजे चिखलातले मासे (कोकणातली आत्या यांना निवटी म्हणते आणि झणझणीत कालवण करते) पोटावर सरकत होते, मधेच उडी, आणि चेर म्हणजे आपली तिवरं, त्यांची मुळं शिसपेन्सिली उलट्या रोवाव्यात तशी वर आलेली, भाची मोजत बसली, एकशेबारापर्यंत आली आणि पुढे तारेचं कुंपण. चौकीदार म्हणाला खानगी छे, म्हणजे खाजगी आहे. तलाठ्याकडे विचारलं तर म्हणे सरकारी पडतर, म्हणजे पडीक जमीन. आता खरं काय?

कायदा आहे हो. तिवरं सीआरझेड-1ए मध्ये (किनारा नियमन क्षेत्राचा सगळ्यात कडक भाग) येतात, 1000 चौरस मीटरच्या वर असतील तर भोवती 50 मीटर बफर. पण तो काय करायचं नाही एवढंच सांगतो, रोज लक्ष कोण ठेवणार ते नाही. आणि 2017 चे वेटलँडचे (पाणथळ जागांचे) नियम सीआरझेडमधल्या जागेला लागूच नाहीत, म्हणजे बिचारा चिखल दोन्हीकडून पोरका.

म्हणून सरकारी पडतर असेल ती वनखात्याच्या नावावर करा. मिठागरांची, झिंग्याच्या तळ्यांची लीज संपेल तिथे रिन्यू करू नका, मधे खाजगी तुकडे असतील तर रीतसर पैसे देऊन घ्या. महाराष्ट्रात हायकोर्टाच्या ऑर्डरनंतर सरकारी जमिनीवरची तिवरं राखीव वन केली, ठाणे खाडी 2015 मध्ये अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, आज लोक तिकीट काढून बोटीतून फ्लेमिंगो बघतात. आणि लांब कशाला, सयाजीराव महाराजांच्या वेळी सिंचनासाठी बांधलेला आपल्या बडोदा जिल्ह्यातला वढवाणा तलाव 2021 मध्ये रामसर झालाच ना.

एक विनंती, मिष्टी योजनेत (केंद्राची तिवरं लावायची योजना) टार्गेट पुरं करायला दिसेल त्या चिखलात रोपं खोचू नका. मोकळा चिखल रिकामा नसतो, परदेशातून येणारे पाणपक्षी त्यातच किडे शोधतात. आणि अभयारण्य झालं म्हणून लेवटे धरणाऱ्या माणसांना हाकलू नका, राखणदार त्यांनाच ठेवा, चिखल त्यांना पायाने कळतो. आम्हाला फक्त एक लाकडी वाट आणि भरतीच्या वेळांचा गुजरातीत बोर्ड द्या, कारण इथे पाणी चढतं ते बघताबघता चढतं. कॅफेटेरिया, सेल्फी पॉइंट नको, प्लीज.

एकदा स्वतः या, अमावास्येला, ओहोटी खूप लांब जाते. गमबूट आणा, बुटांनी जमणार नाही.

एक बडोदेकर
राजमहल रोड