प्रशिक्षण हॉलमध्ये नको, रानात घ्या

ऊसशेतीच्या प्रशिक्षणाला मी दोनदा गेलो. पडद्यावर चित्रं, चहा-नाष्टा, शेवटी प्रमाणपत्र. गावी आल्यावर सरी (उसाच्या ओळीसाठीचा चर) मात्र जुनीच, तीन फुटांची. पुढे भावकीतल्या एकाने साडेचार फुटी सरीत को ८६०३२ या जातीच्या उसाची एक डोळ्याची (एकाच डोळ्याच्या कांडीपासून वाढवलेली) रोपं लावली, खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, पाचट (उसाची वाळलेली पानं) न जाळता कुजवलं. बांधावरून रोज दिसायचं. पुढच्या लावणीला आम्ही चौघांनी तेच केलं. (पाचट पेटवू नये म्हणून घरच्या म्हाताऱ्यांशी भांडावं लागलं, ते वेगळं.) प्रशिक्षण नको असं नाही. पण ते लावणीच्या हंगामात, गावातल्याच रानात घ्यावं आणि शिकवणाऱ्याने खोडवा तुटेपर्यंत दोन-तीन फेऱ्या माराव्यात. बायकांनाही बोलवा, भांगलण (तण काढणं) त्याच करतात, नांग्या (रोप न आलेल्या रिकाम्या जागा) कुठे पडल्या ते त्यांनाच आधी दिसतं.

— एक ऊस उत्पादक, ता. करवीर, जि. कोल्हापूर