ती एक ओळ आम्हालाच लिहू दिलीत

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मेसेंजर प्रकल्पात आमचा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, काल मर्ज होऊन मूळ कोडमध्ये गेला. त्यातली चूक तुम्ही स्वतः दोन मिनिटांत दुरुस्त करू शकला असतात. केली नाहीत. काय चुकलं आणि का, ते लिहिलंत आणि नऊ दिवस थांबलात. हे पत्र त्या थांबण्यासाठी आहे.

मेसेज डिक्रिप्ट करण्याआधी, म्हणजे उलगडण्याआधी, त्याचा १६ बाइटचा ऑथेंटिकेशन टॅग (मेसेज खरा असल्याची खूण) ताडून पाहायला आम्ही साधं मेमसीएमपी, म्हणजे बाइटांची तुलना करणारं सी भाषेतलं फंक्शन, वापरलं होतं. ते बहुतेकदा पहिला वेगळा बाइट दिसताच परत फिरतं. म्हणजे जितके बाइट जुळले, तितका वेळ जास्त. हा फरक नीट मोजता आला, तर हल्लेखोर एकेक बाइट ठरवत जातो आणि २ च्या १२८व्या घाताऐवजी जास्तीत जास्त १६ गुणिले २५६ (एका बाइटच्या शक्यता), म्हणजे ४,०९६ अंदाजांत खोटा टॅग खपवतो. सोळाही बाइट एक्सऑर करा (सारखे असतील तर शून्य येतं), फरक ऑर या क्रियेने एकाच चलात जमवा, निकाल शेवटीच पाहा, असं तुम्ही समजावलंत. पण हातानं लिहिलेल्या अशा लूपचं कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) काय करेल याचा भरवसा नाही, म्हणून लिबसोडियम लायब्ररीतलं, याच कामासाठी बनवलेलं सोडियम_मेमसीएमपीच वापरा, हेही बजावलंत.

आमच्या चाचण्या मात्र सगळ्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण होत्या! या कामाची गोम हीच आहे, चुकलेला कोडही बरोबर उत्तर देतो. २००६ मध्ये मेमरी तपासणाऱ्या टूलचा इशारा घालवताना डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीमधली नको ती ओळ गेली आणि एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. तरी मे २००८ पर्यंत किल्ल्या बनत होत्या, कुलपं उघडत होती. नवख्याला इथे जाणत्या नजरेवाचून पुढे जाताच येत नाही.

याआधी एका मोठ्या प्रकल्पात आमचा पॅच चार महिने पडून राहिला, मग बॉटनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, तो ‘निष्क्रिय’ म्हणून बंद केला. दुसरीकडे ‘स्वतःची क्रिप्टो लिहू नका’ एवढंच उत्तर आलं. नवा सायफर, म्हणजे सांकेतिक करण्याची नवी पद्धत, कुणी लिहिलाच नव्हता! अशा दारात माणूस पुन्हा पाऊल ठेवत नाही. आणि गोपनीयतेच्या सॉफ्टवेअरला स्वयंसेवक मिळत नाहीत, ही ओरड तीच मंडळी करतात.

तुम्ही दुरुस्ती आमच्या हातून करून घेतलीत, म्हणून ती आता आमच्या हातात बसली. कमिटवर, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीवर, आमची नावं राहू दिलीत, तेही मनात घर करून राहिलं आहे.

दुसरा पॅच पाठवला आहे. रिकामा टॅग, एक बाइट कमी असलेला टॅग, शेवटचाच बाइट बदललेला टॅग, तिन्ही नाकारले जातात का याच्या चाचण्या आहेत. लांबीची तपासणी तुलनेच्या आधी घातली आहे. सवडीनं पाहा.

आपले,
दोन स्वयंसेवक