बंद घरातला भाताचा वास

कोल्हापूर
कार्तिक वद्य पंचमी

ती. आई आणि बाबांना सा. न. वि. वि.

आजऱ्याच्या घरात रात्री भाताचा वास कुठून येतो ते सापडलं. फोनवर सांगितलं असतं तर आईने अर्ध्यातच पदर डोळ्यांना लावला असता आणि बाबांनी "बरं, बरं" करत फोन दादाकडे दिला असता. म्हणून कागदावर लिहिते आहे. दादाला मोठ्याने वाचायला सांगा आणि मध्ये थांबू देऊ नका, कारण आईसाठीची खरी गोष्ट पुढे आहे.

आधी व्यवहाराचं बोलते. बाबा, घर घ्यायला आलेल्या त्या माणसाला शब्द देऊ नका. वास्तू भुताने बाधित आहे म्हणून तो भाव पाडून मागतो, आणि त्याच्याच ओळखीचा, भुतं उतरवणारा देवर्षी बंदोबस्तासाठी काळी कोंबडी, नारळ आणि वर रोख रक्कम सांगतो. एकाने भीती घालायची, दुसऱ्याने तिचे पैसे करायचे. २०१३ साली आपल्याकडे जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, त्यासाठी दाभोलकरांनी जन्म वेचला. भूत बोलावीन अशी धमकी देऊन घबराट पसरवणं, चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसे उकळणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तो देवर्षी पुन्हा फोन करील तेव्हा एवढं त्याच्या कानावर घाला. तुमचं पेन्शन असल्या माणसाच्या हाती जाऊ नये, एवढंच मला वाटतं.

आता घराचं. तुम्ही दादाकडे पुण्याला गेल्यापासून घर बंदच होतं. दिवाळी आटोपल्यावर मी आणि तुमचे जावई गारगोटीच्या रस्त्याने गेलो आणि तिथेच राहिलो, तेव्हा मी एकटी होते की काय ही काळजी नको. घर चांगलं आहे. जांभ्याच्या भिंतींना काही झालेलं नाही, सोप्यातला झोपाळा जागच्या जागी आहे, परड्यातला फणस तर अंगावर येईल एवढा वाढलाय. माजघरावरची कौलं मात्र एका कोपऱ्यात सरकली आहेत. ती खूण लक्षात ठेवा.

गावात विचारलं तर प्रत्येकाचं वेगळंच. कुणी म्हणालं मुंजा आहे, कुणी म्हणालं लावसट. पिंपळ नसताना मुंजा कुठे बसणार, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. पण तीन गोष्टी सगळेच सांगत होते. रात्र चढली की आपल्या सुवासिक घनसाळ तांदळाचा भात शिजल्याचा वास येतो, वर माळ्याच्या तक्तपोशीवर कुणीतरी चालतं, आणि वारं नसताना झोपाळ्याची कडी करकरते. ज्या तालुक्यात टस्कर हत्ती उसात शिरला तरी माणसं डबे वाजवत शेतात उभी राहतात, त्याच तालुक्यातली माणसं आपल्या दारावरून रात्री जात नाहीत, हे बघून मला फार वाईट वाटलं. आजीच्या हयातीत त्या सोप्यात रोज चार माणसं टेकलेली असायची.

आई, तू मात्र मुंजाही म्हणाली नाहीस आणि लावसटही. तू काहीच बोलली नाहीस, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. आजीची साखर वाढली, डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला आणि तू तो केलास. शेवटच्या आषाढात त्या तुझ्याकडे भात मागत होत्या आणि तू नाचणीची भाकरी कुस्करून भरवत होतीस. त्या गेल्यानंतर तू घनसाळ शिजवलाच नाहीस. बाजारात मिळणारा कुठलाही तांदूळ चालतो म्हणायचीस. म्हणून बंद घरात त्याच भाताचा वास येतो म्हटल्यावर तुझ्या मनाने काय धरलं असेल ते कुणी सांगायला नको.

तो वास मी घेतला. पहिल्याच रात्री अकराच्या सुमारास आला. भास नव्हता. पातेल्यावरचं झाकण काढल्यावर पहिली वाफ तोंडावर येते ना, थेट तसा. माझ्या अंगावर काटा आला हे खरं. उठून चुलीत हात घातला, राख गार होती. खिडकी उघडून बघितलं, आजूबाजूच्या घरांतले दिवे केव्हाच मालवले होते. आणि गंमत म्हणजे चुलीपाशी वास कमी होता, माजघरात जास्त, आणि तक्तपोशीच्या शिडीवर चढलं की सर्वांत जास्त. आजी आयुष्यात कधी तक्तपोशीवर स्वयंपाकाला बसल्या नव्हत्या. तिथूनच माझं मन ताळ्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी देव्हाऱ्याजवळची पांढरी रांगोळी घेतली आणि पिठाच्या चाळणीने तक्तपोशीवर सगळीकडे पातळ चाळून टाकली. रात्री पावलं वाजली. धडधड नव्हे, अनवाणी माणूस झोपलेल्यांची झोप न मोडता चालतो तशी. मग झोपाळ्याची कडी करकरली. सकाळी बॅटरी घेऊन वर गेलो तर रांगोळीत पावलं स्वच्छ उमटलेली. मांजराच्या पावलाला चार बोटं उमटतात. इथे पाच होती, आणि पुढे बारीक नखांचे टिपके. जुन्या कणगीच्या मागे पपईच्या आणि पेरूच्या बिया असलेली विष्ठा, सगळी एकाच जागी. गावात ही बातमी पोचली तेव्हा एका आजोबांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, "पावलं उलटी हुती का सुलटी?" सुलटी होती म्हटल्यावर ते निम्मे निवांत झाले.

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण आहे, तिला फोटो पाठवले. तिने ट्रॅप कॅमेरा दिला, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो तो. आलेला फोटो या पत्रासोबत आहे. आई, चष्मा लावून बघ. करड्या अंगाचं, पाठीवर काळपट पट्टे, तोंडावर बुरखा घातल्यासारखे डाग, आणि अंगाएवढी लांब शेपूट. ते उदमांजर आहे. मादी. तिच्या पोटाशी ते दोन गोळे दिसतात ती पिल्लं. सरकलेल्या कौलांतून ती येते, आढ्यावरून झोपाळ्याच्या कडीवर उतरते, तिथून खिडकीच्या गजांतून परड्यात. भुतासारखी हालचाल होतेच तिची, दिवसा झोपते आणि रात्री फिरते.

आणि वास तिचाच. उदमांजराच्या शेपटीखाली ग्रंथी असते, तिचा स्राव ती वाशांना, आढ्याला घासून ठेवते, ही जागा माझी म्हणून. त्या स्रावाला सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. ऐकून मीही आधी विश्वास ठेवला नाही. पण मैत्रिणीने समजावलं ते असं, की घनसाळ, आंबेमोहोर, बासमती या सगळ्यांच्या घमघमाटामागे २-असिटिल-१-पायरोलीन नावाचं एक द्रव्य असतं. ईशान्येकडच्या जंगलात याच कुळातला एक मोठा प्राणी राहतो, बिंटुरॉंग, आणि त्याच्या अंगच्या वासात शास्त्रज्ञांना नेमकं हेच द्रव्य सापडलं आहे. आपल्या घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालं ते ज्या सुगंधासाठी, तसला सुगंध रानातलं एक जनावर अंगावर वागवत फिरतं. मला तर हे मुंज्याच्या गोष्टीपेक्षा मोठं नवल वाटलं.

आता ती खरी गोष्ट.

हे सगळं सांगायला मी शेजारच्या काकींकडे गेले. त्या आता फार थकल्या आहेत, सोप्यात भिंतीला टेकून काजू सोलत होत्या. मी फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "म्हंजे तुझी आई इतकी वर्सं ह्याच्यापायी झुरत हुती व्हय?" मी हो म्हटलं. तर त्या उठल्या, दार लोटलं, आणि जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तुझी आज्जी उपाशी गेली न्हाई बाई. रोज दुपारी तुमच्या घरात निजानीज झाली की परड्यातनं माझ्याकडं यायची. वाटीभर घनसाळ, वर ताक, मिठाचा खडा. शेवटचं अंथरूण धरंस्तवर एक दिस चुकवला न्हाई. मला शपत घातल्याली, सुनंला सांगू नको म्हणून. ती माझ्यासाठी जीव काढती, तिला वाटाय नको की मी तिचं ऐकत न्हाई."

आई, थांब जरा. हे पुन्हा वाचायला सांग दादाला.

मी त्यांना विचारलं, मग अंथरुणावरून भात का मागत होत्या? काकी म्हणाल्या, माझ्याकडे येता येईना म्हणून, दुसरं काय. त्यांना तुझा राग नव्हता. तू डॉक्टरांचं ऐकून पथ्य सांभाळत होतीस आणि त्या तुझं मन सांभाळत होत्या, दोघी एकमेकींपासून लपवून. काकींना मी विचारलं की आईला हे आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, साखर वाढवून म्हातारीला मी मारलं असं तुझ्या आईला वाटेल, याची भीती होती. म्हणजे बघ, दोन घरांमध्ये एक परडं आणि एवढी वर्षं दोन बायका एकाच वाटीभर भाताचं ओझं वागवत बसलेल्या. तू त्यांच्याशी बोल. फोन लावून देते, मोठ्याने बोल, त्यांनाही कमी ऐकू येतं.

काकी आणखी एक सांगतात. कधीमधी पहाटे आपल्या माजघरातून जात्याची घरघर आणि आजीची ओवी त्यांना ऐकू येते. उदमांजर ओवी म्हणत नाही. मी तिथे असताना मला काही ऐकू आलं नाही, पण काकींना मी खोटं पाडलं नाही आणि पाडणारही नाही. साठ वर्षं एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या बाईला मैत्रिणीचा आवाज येत असेल, तर त्याला कुठला देवर्षी लागत नाही आणि कुठला कॅमेराही लागत नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "भ्या कशाचं? तिचंच घर हाय."

बाबा, तुम्ही म्हणाल, सगळं उलगडलं म्हणजे देवाधर्माचंही काही उरत नाही. तसं मला वाटत नाही. परवा अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेले होते. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, आधी पायांवर, मग वर चढत जातात. किरण सूर्याचे आहेत, बांधणाऱ्यांनी दिशा साधली आहे, हे कोल्हापुरातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मध्ये एखादी इमारत आली की किरण अडतात, त्यावर महापालिकेत चर्चा होतात. तरी किरण देवीच्या अंगावर चढायला लागले की सगळं देऊळ हात जोडून उभं राहतं. मीही राहिले. तेव्हा सर्वपित्रीला आजीचं पान वाढायचं ते वाढतच राहू, फक्त पुढच्या वेळी त्यात घनसाळचा भात असू दे. भीतीने वाढू नका, आवडीचं म्हणून वाढा.

आता करायचं काय ते. पिल्लं मोठी होऊन ती मादी त्यांना घेऊन जाईपर्यंत कौलांना हात लावायचा नाही. उदमांजर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याला पकडणं, मारणं गुन्हा आहे. धूर करणं, फटाके लावणं असलं काही शेजारच्या पोरांना करू देऊ नका असं काकींच्या नातवाला बजावून आले आहे. तसंही ती उंदीर खाते, कणगीचं नुकसान कमीच होईल. ती गेली की गवंडी बोलावून कौलं बसवायची आणि सांदीला जाळी मारायची. खर्च त्या बंदोबस्तापेक्षा खूप कमी येतो, विचारून ठेवलंय.

घर विकायचंच असेल तर विका, बाबा. तुमचे गुडघे, तिथला पाऊस, दवाखान्यापर्यंतचं अंतर, ही कारणं खरी आहेत आणि मी त्यांच्या आड येणार नाही. पण भुताच्या भावाने विकू नका. आणि विकण्याआधी एकदा दोघांनी येऊन राहा. संक्रांतीला या. तोवर काकींचा नवा घनसाळ कांडून होईल, त्यांनी पायलीभर तुझ्या नावाने बाजूला ठेवायचं कबूल केलंय. मी गाडी घेऊन पुण्याला येते, दादाने सुट्टी काढायची गरज नाही. चुलीवरचा भात मात्र आई, तूच कर. आणि काकींना जेवायला बोलावू.

बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, दादाला आठवण करा. आईने रात्री मफलर बांधून झोपावं.

तुमची लेक

ता. क. फोटोमागे मी काकींचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. दुपारी तीननंतर लावा, त्याआधी त्या झोपलेल्या असतात.