नाव साहेबी, सारण चिनी

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

तिकिटं झाली, व्हिसा आला. आता डिसेंबरात शांघायला उतरल्यावर कुठे फसायला होईल ते आधीच लिहून ठेवते. बाबा, तुम्ही म्हणालात की तिकडे सगळं विलायतीच झालंय, मग खाण्याची एवढी काळजी कशाला? पाट्या विलायती आहेत, खरंय. पण आपल्या गाडीवरचं मंचुरियन जितपत चिनी, तितपतच इथलं विलायती.

पहिली पावाची गोष्ट, कारण तुम्हाला सकाळी तोच आठवेल. बेकरीत शिरलं की दाराशीच ट्रे आणि चिमटा उचलायचा, हवं ते आपणच घ्यायचं आणि काउंटरवर न्यायचं. पाव मऊ, गोडसर; ब्रूनसारखा कडक क्वचितच मिळतो. आई, काही पावांवर तुला भाजलेल्या खोबऱ्याच्या किसासारखा तपकिरी, भुरभुरीत थर दिसेल. ते खोबरं नव्हे. त्याला रौसोंग म्हणतात. बहुतेक वेळा डुकराचं मांस सोया सॉस आणि साखरेत शिजवून, त्याचे तंतू सुटे करून, कढईत कोरडं होईपर्यंत परतलेलं असतं. वास गोड येतो, म्हणून शंकाही येत नाही. लेबलवर एक अक्षर शोधायचं: खाली उघडी चौकट आणि तिच्यात एकाखाली एक दोन उलटे 'व्ही'. ते 'रौ', म्हणजे मांस. खारीसारखे पापुद्रे असलेल्या पारंपरिक चिनी मिठाईत मात्र असा थर दिसत नाही, मोहनच डुकराच्या चरबीचं असू शकतं. ती सोडूनच द्या.

केएफसीचं नाव ऐकून नाक मुरडू नका. बीजिंगच्या छ्येनमन भागात 1987 साली त्यांचं चीनमधलं पहिलं दुकान उघडलं, तेव्हा ती अमेरिकेची चव होती. आता सकाळी तिथे तांदळाची पेज, सोयाचं गरम दूध आणि यौत्याओ मिळतं. यौत्याओ म्हणजे मैद्याची लांब, आतून पोकळ तळलेली कांडी. दुधात बुडवून खायची, आपण चहात खारी बुडवतो तशी. पेजेत मांस असतं, ती नको; दूध आणि यौत्याओ घ्या. तळणीचं तेल वेगळं असेलच असं नाही, तेवढं मनाची तयारी ठेवून. तिथे अंड्याचे छोटे टार्टही असतात. ते मकाव या जुन्या पोर्तुगीज वसाहतीतले, म्हणजे मूळ पोर्तुगीज. गोव्याचे नातेवाईकच म्हणायचे.

कॉफी शांघायमध्ये पावलोपावली आहे. लकिनसारख्या दुकानात तोंडी ऑर्डर जवळजवळ नसतेच, सगळं मोबाइलवर. ते मी करीन. बाबा, तुमच्या साखरेसाठी 'वरून साखर नको' हा पर्याय निवडता येतो, पण त्यावर विसंबू नका: नारळाच्या दुधाची लाते लोकप्रिय आहे आणि त्या दुधातच गोडवा असतो. साधी अमेरिकानो, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी, घ्या. 2023 साली लकिनने माओताय दारूची लाते काढून धमाल उडवली होती, तेव्हा नाव न वाचता काही पिऊ नका. पाणी मात्र कुठेही गरमच मागा, हॉटेलात लोक तेच पितात. नळाचं थेट प्यायचं नाही. रेल्वे स्टेशनवर उकळत्या पाण्याचे नळ असतात, म्हणून थर्मास आणाच.

थंडीचं विसरू नका. सरकारी सेंट्रल हीटिंग उत्तरेकडच्या शहरांत असतं, शांघाय त्यांच्या दक्षिणेला येतं. स्वेटर घरातही लागेल. बाबांच्या गुडघ्यांसाठी: मेट्रोत बहुतेक उकिडवं बसायचे संडास. व्हीलचेअरची खूण असलेलं दार शोधा, आत कमोड असतो. कागद आपला न्यायचा.

आई, एक सूप तू इथे आल्यावर करशील म्हणून लिहिते. लुओसोंग थांग. 1917च्या क्रांतीनंतर पळून आलेल्या रशियनांनी ते शांघायमध्ये आणलं. 'लुओसोंग' हा 'रशियन'चाच शांघायी उच्चार. ज्या सूपवरून ते आलं, त्या बोर्श्टमध्ये बीट असतं, इथे त्याची जागा टोमॅटोने घेतली. हॉटेलात त्यात गोमांस असतं, म्हणून घरीच करू. चौघांना तीन टोमॅटो, पाव कोबी, एक बटाटा, एक गाजर, एक कांदा. कांदा लोण्यात मऊ झाला की दोन मोठे चमचे टोमॅटोची पेस्ट घालून मंद आचेवर परतायची, तेल लाल होऊन सुटेपर्यंत. घाई केली तर सूप कच्चं आंबट लागतं आणि रंग फिका राहतो. मग भाज्या, लिटरभर पाणी, अर्धा तास. वेगळ्या कढईत चमचाभर मैदा लोण्यावर भाजून शेवटी घातला की दाटपणा येतो. थेट टाकलास तर गुठळ्या. चमचाभर साखर हवीच.

24 डिसेंबरला दुकानात रंगीत कागदात गुंडाळलेलं एकेक सफरचंद महाग विकायला दिसेल. त्या रात्रीला 'फिंगआन य', म्हणजे शांततेची रात्र, म्हणतात आणि सफरचंदाला 'फिंगक्वो'. उच्चार जुळला, प्रथा पडली. घेऊ नका, साधं सफरचंदच असतं.

शेवटी लग्नाचं, माझ्या सहकारिणीने तुम्हालाही बोलावलंय. नवरी आधी पांढऱ्या गाऊनमध्ये वडिलांचा हात धरून येईल, थोड्या वेळाने लाल पोशाखात टेबलाटेबलाशी जाऊन पेला उंचावेल. पांढरा हा इथे पूर्वापार सुतकाचा रंग. गाऊनला तेवढी माफी मिळाली, आहेराच्या पाकिटाला नाही. पाकीट लालच, नोटा कोऱ्या, दोन्ही हातांनी द्यायचं. आकड्यात चार नको, कारण तो 'मृत्यू'सारखा ऐकू येतो. आणि बाबा, तुमची 501ची सवय बाजूला ठेवा. वरचा तो एक रुपया आपल्याकडे शुभ, इथे विषम रक्कम अंत्यविधीला देतात. 800 युआन घालू. आई, भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ घ्यायचा तुझा विचार होता ना? ते नको. 'घड्याळ देणे' आणि 'शेवटचा निरोप देणे' यांचा उच्चार इथे एकच आहे. पितळी समई आण.

तुमची,
मनू