छातीत दुखेपर्यंत थांबू नका

महोदय,

पुरुषांच्या हृदयविकाराच्या झटक्याचा विषय निघाला की बहुतेक जण आनुवंशिकतेवर बोट ठेवतात. तिचा वाटा आहेच. पण ५२ देशांतील आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, पुरुषांमधील पहिल्या झटक्याच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा संबंध बदलता येण्याजोग्या नऊ घटकांशी आढळला. धूम्रपान आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण त्यांत सर्वांत प्रबळ. रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर तर ओळखीचेच.

‘दिवसाला एकच ओढतो’ हे समाधान फार घातक वाटते. रोज वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा एकीनेच वाढतो. त्यामुळे कमी करणे पुरेसे नाही, सोडायलाच हवी.

आणखी एक गोष्ट पुरुष संकोचाने लपवतात, म्हणून मुद्दाम लिहितो. लिंगाला ताठरता न येणे हे कधी कधी रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याचे लक्षण असते आणि ते छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधीही दिसू शकते. अशा वेळी जाहिरातीतल्या गोळ्यांमागे न लागता डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे.

– एक वाचक