सहा प्लेटा, तीन जातींचे लोखंड

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : नेमबाजीच्या निशाणासाठी 'कठीण पोलाद' म्हणून विकलेल्या सहा प्लेटा प्रत्यक्षात रंग दिलेले भंगार निघाल्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस. 31 वर्षे लोखंड कापण्यात आणि घासण्यात गेली. आता नाशिकमधल्या एका रायफल क्लबमध्ये निशाणे, स्टँड आणि मागचा मातीचा बांध सांभाळतो. मानधन नाही, रविवारचा चहा मिळतो. क्लबच्या पॉइंट 22 (0.22 इंच व्यासाच्या छोट्या गोळीच्या) रायफलींच्या सरावासाठी मी 11 नोव्हेंबरला आपल्या संकेतस्थळावरून सहा टांगत्या प्लेटा मागवल्या. प्रत्येकी 4,200 रुपये, एकूण 25,200. पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत. क्लब ते वर्गणीतून मला देणार होता. आता कोणत्या तोंडाने मागू, हा प्रश्न आहे.

आपल्या पानावर लिहिले होते : 30 बाय 30 सेंटिमीटर, जाडी 10 मिलिमीटर, 500 ब्रिनेल कठीणपणाचे पोलाद, पूर्ण सपाट, सर्व रायफलींसाठी योग्य. या ओळीतला एक शब्द खरा निघाला. तो म्हणजे 30.

खोके उचललं तेव्हाच हाताला शंका आली. 30 बाय 30 ची 10 मिलिमीटर जाडीची प्लेट म्हणजे 900 घन सेंटिमीटर लोखंड. घन सेंटिमीटरला 7.85 ग्रॅम धरले की सात किलोच्या थोडे वर वजन भरायला हवे. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर एकेक प्लेट ठेवली. सर्वांत जड प्लेट 5 किलो 650 ग्रॅम, सर्वांत हलकी 5 किलो 100. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर जाडी कुठे 8, कुठे साडेसात, आणि एका प्लेटीत एका कडेला 8 तर दुसऱ्या कडेला 7. गिरणीतून निघालेली नवी प्लेट अशी एका बाजूने झिजत नाही. हे लोखंड आधी कुठेतरी नोकरी करून आले होते.

मग रंग खरवडला. एका प्लेटीच्या पाठीवर चेकर प्लेटची नक्षी निघाली, जी जिन्याच्या पायरीला किंवा ट्रकच्या फळीला असते ती. पुढची बाजू ग्राइंडरने घासून गुळगुळीत केली होती, पाठ घासायचा कंटाळा केला होता. दोन प्लेटांवर पांढऱ्या रंगाखाली निळा, निळ्याखाली लाल, आणि लालाखाली 'ज्वाला' एवढीच अक्षरे. पुढचे 'ग्राही' कापणाऱ्याने दुसऱ्या कोणाला विकले असावे. त्या दोन प्लेटांवर गुण्याची सरळ कड ठेवली तर मधोमध जवळपास 3 मिलिमीटर उजेड दिसला. म्हणजे ते टाकीच्या गोलाईचे तुकडे आहेत, आणि तक्रारीचा सगळा जीव या उजेडात आहे. तिकडे मी लवकरच येतो.

कानस लावली. कठीण पोलादावर कानस घसरते, काचेवर नख ओढल्यासारखी. आपल्या सहाही प्लेटांत ती लोण्यात सुरी जावी तशी रुतली. तरी उगाच आळ नको म्हणून अंबडच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्या ओळखीच्याकडे जाऊन ब्रिनेल कठीणपणा मोजून घेतला. आकडे : 129, 131, 137, 138, 142 आणि चेकर प्लेटचा 118. साध्या एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे मऊ पोलाद) आकडा असाच असतो. त्या माणसाने प्लेट उलटी करून पाहिली आणि मला विचारले, "काका, हे विकत आणलं? मला सांगायचं ना, मागच्या अंगणात पडलंय तसलं." मी काय बोलणार?

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे आपण 'ग्राहकाला भंगाराचा तिटकारा आहे' असे उत्तर पाठवणार नाही. मला भंगाराचा मुळीच तिटकारा नाही. अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने 2017 साली हटवला, त्याआधी माझे कितीतरी रविवार तिथेच गेले. आमच्या क्लबच्या एअर रायफलच्या मुलांसाठी मी स्वतः भंगारातून निशाणे केली आहेत : प्रेसच्या डायमधली उरलेली सपाट तबकडी, मशीन बेडची कापलेली पट्टी, कधी जुन्या गेटचा तुकडा. 10 मीटरवरून 4.5 मिलिमीटरचे शिशाचे पेलेट लागते आणि 'टण्' आवाज होतो. कागदावर छिद्र पाहण्यापेक्षा दहा वर्षांच्या पोराला त्या आवाजाचे वेड जास्त. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळे यांना 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळाले त्यानंतर तर आईवडील मुलांना आणून सोडतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, ह्याचा नेम कधी लागेल?" त्या मुलांसाठी भंगार चालते. पण कोणते, ते कळावे लागते.

बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, काही घ्यायचे नाही. फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, जुन्या मोटरचे खोके, सगळे ठिसूळ. जोराचा मार लागला की तुटते आणि तुकडा कोणत्या दिशेला जाईल ते देवालाही ठाऊक नसते. ट्रकचे कमानपाटे कठीण असतात, पण वाकडे. ढेकळे फोडायच्या डिस्क हॅरोची तबकडी शेतावर फुकट मिळते, म्हणून एकदा निफाडहून एका पालकाने कौतुकाने आणली होती. मी परत पाठवली, कारण ती तव्यासारखी खोलगट. बंद डबा, सिलिंडर, ग्रीसचा रिकामा ड्रम, यांच्या तर जवळ जायचे नाही. आत काय उरले आहे ते बाहेरून कळत नाही. वेल्डिंगची लाइन, भोक, खड्डा असलेली बाजू कधी पुढे टांगायची नाही. आणि गॅस कटिंगची खरबरीत कड घासून काढल्याशिवाय मुलांच्या हातात द्यायची नाही.

गोलाईचे एवढे का, ते सांगतो, कारण आपल्या ग्राहक प्रतिनिधीला फोनवर ते समजले नाही. पॉइंट 22 ची गोळी म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास शिसे, सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगाने जाणारे. सपाट, कठीण पृष्ठभागावर आपटले की शिसे फुटते आणि पत्र्याला चिकटून चारी बाजूंनी पसरते, चिखलात दगड टाकल्यावर चिखल बाजूला उडतो तसे. प्लेट वरून साखळीने टांगून अंदाजे 20 अंश पुढे झुकवली की बहुतेक शिसे खाली जमिनीकडे जाते. सगळी सुरक्षा त्या सपाटपणावर आणि झुकण्यावर उभी आहे. प्लेट खोलगट असेल, तिच्यावर खड्डे असतील किंवा पुढच्या बाजूला वेल्डिंगची गाठ असेल, तर शिसे बाजूला न जाता आल्या वाटेने परत फिरते. आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला माणूस पडून नेम धरत असतो.

आपल्या प्लेटांत तिन्ही आहेत. गोलाई आहे. जुन्या गंजाचे खड्डे पुट्टी भरून रंगवलेले आहेत. साखळीचे हूक पुढच्या तोंडावर वेल्ड केलेले आहेत, पाठीमागे नाही. ज्याने ते जोडले त्याने आयुष्यात कधी रायफल चाललेली पाहिली नसावी. त्याचा दोष नाही, त्याला सांगणारा कोणीतरी हवा होता.

आता आपण विचाराल, एवढे ओळखत होता तर टांगल्या कशाला? रास्त प्रश्न आहे. मी टांगल्या नाहीत. प्लेटा आल्या त्या आठवड्यात माझ्या बहिणीकडे संगमनेरला कार्य होते. खोके क्लबमध्येच ठेवून गेलो. माझ्या गैरहजेरीत उत्साही सभासदांनी रविवारी त्या बांधासमोर लावल्या. प्रमाणपत्र खोक्यात होतेच, त्यावर 500 लिहिले होतेच. 25 मीटरवरून पॉइंट 22. चौथ्या-पाचव्या फैरीला टाकीच्या तुकड्यावरून शिशाचा कपचा परत आला आणि स्पॉटिंग स्कोपच्या (नेम कुठे लागला ते पाहायच्या दुर्बिणीच्या) तिकाटण्यावर आदळला. सगळे हसले. पुढचा एका कॉलेजच्या मुलीच्या संरक्षक चष्म्यावर उजव्या डोळ्यासमोर लागला. चष्म्याला चरा पडला आहे. तो चष्मा मी जपून ठेवला आहे. ती मुलगी चष्मा घालायला नेहमी कंटाळते, त्या दिवशी थंडीने डोळ्यांत पाणी येत होते म्हणून तिने घातला होता.

मी सोमवारी परत आलो, तिच्या वडिलांचा फोन आला होता. मी वर दिलेली सगळी मोजमापे त्यानंतरची आहेत. आधी मोजले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते, ही माझी चूक मी कबूल करतो. ती चूक आपल्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची आहे.

आपल्याकडून आलेली उत्तरे एका परिच्छेदात उरकतो. पहिल्या फोनवर सांगितले, "वापरलेला माल परत घेतला जात नाही." दुसऱ्यावर, "प्लेटवर डाग पडणे नैसर्गिक आहे." मी डागाबद्दल काही बोललोच नव्हतो. ई-मेलला उत्तर आले की माझा अभिप्राय मौल्यवान आहे. खाली लिहिले होते की या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. खरे सांगायचे तर पॉइंट 22 चे मऊ शिसे साध्या एमएसलाही फार फाडत नाही. प्लेट सपाट असती, हूक मागे असते, तर आम्ही फसवले गेलो असतो पण कोणाला धोका झाला नसता. आपण मात्र पानावर लिहिले आहे 'सर्व रायफलींसाठी योग्य'. मोठ्या बोअरच्या (नळीच्या मोठ्या व्यासाच्या) रायफलीची वेगवान गोळी एमएसच्या 8 मिलिमीटर प्लेटीत खड्डा पाडते किंवा आरपार जाते, आणि खड्ड्याच्या कडा पुढच्या गोळीला परत फेकायला तयार असतात. परवानाधारक सभासदांचे मोठ्या बोअरचे सरावही देशात ठिकठिकाणी होतात. आपल्या गोदामातून हाच माल तिकडे गेला असेल तर मला त्याची जास्त काळजी वाटते.

म्हणून माझ्या मागण्या लिहून देतो. 25,200 रुपये आणि 640 रुपये वाहतूक खर्च परत मिळावा. प्लेटा आपण स्वखर्चाने न्याव्यात, मी नाशिकहून पाठवणार नाही. हूक पुढे वेल्ड केलेल्या याच खेपेतल्या प्लेटा ज्यांनी घेतल्या त्या प्रत्येकाला लेखी कळवावे की त्यांच्यावर गोळी झाडू नये. यातली ही मागणी माझ्यासाठी पैशाच्या आधीची आहे. पानावरची 'सर्व रायफलींसाठी' ही ओळ आणि 500 चा आकडा आजच काढावा. भंगार विकायचे असेल तर भंगार म्हणून, किलोवर विका. सहाही प्लेटांचे मिळून 32 किलो भरते, त्याचे भंगाराच्या भावाने दीड हजारही होत नाहीत. त्या भावाने मीच घेऊन जाईन, सपाट निवडून, हूक मागे लावून.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आपले कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आणि मी निवृत्त आहे. वेळ माझ्याकडे भरपूर आहे.

सहाही प्लेटा माझ्या घरी जिन्याखाली सुतळीने बांधून ठेवल्या आहेत, टाकीचे दोन तुकडे वेगळे, त्यांवर खडूने खूण केली आहे. आपला माणूस दुपारी चारनंतर यावा. येताना काटा आणि गुण्या घेऊन यावा, म्हणजे मोजमाप त्याच्या समोर होईल आणि मग वाद नको.

आपला,
एक ग्राहक
सातपूर, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, खोक्यातल्या प्रमाणपत्राचा फोटो, सहा प्लेटांचे पुढून-मागून फोटो, कठीणपणाच्या तपासणीची नोंद, वजनकाट्यावरचे फोटो, चष्म्याचा फोटो (मूळ चष्मा देणार नाही)